तपासणीचा दिवस आणि पगार: गरोदरपणातील रजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गोकुळ शिरगाव, शिरोली आणि कागलच्या एमआयडीसीतून, चंदगडच्या काजू कारखान्यांतून, सूतगिरण्यांतून, लक्ष्मीपुरी-शाहूपुरीच्या दुकानांतून आणि शाळा-बँकांतून हे प्रश्न सतत येतात. विचारणाऱ्या बहुतेक स्वतः गरोदर महिला असतात. काही वेळा नवरा, सासू किंवा कारखान्याचे मालकही विचारतात. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. रजेचे आकडे तेच राहिले, कलमांचे क्रमांक बदलले. म्हणून खाली गरज आहे तिथे संहितेचं कलम दिलं आहे.

१. तपासणीला जायच्या दिवसाची वेगळी भरपगारी रजा कायद्यात आहे का?

नाही. दर महिन्याच्या नेहमीच्या तपासणीसाठी खासगी नोकरीत वेगळी पगारी रजा कायद्याने ठेवलेली नाही. ही उणीवच आहे, आणि तिच्यामुळे कितीतरी जणी खाडा नको म्हणून तपासणी पुढे ढकलतात. पण हातात काहीच नाही असंही नाही. नेहमीच्या तपासणीला किरकोळ आणि अर्जित रजा वापरता येते (प्र. ४). गरोदरपणामुळे आजारपण आलं तर एक महिन्यापर्यंत वेगळी पगारी रजा मिळते (प्र. ८). शेवटच्या आठ आठवड्यांतल्या तपासण्या बाळंतपणाच्या रजेतच बसवता येतात (प्र. ६). या तिन्हींची सरमिसळ झाली की पगार कापला जातो. कुठला दिवस कुठल्या रजेत टाकायचा, हे आधीच ठरवून घ्या.

२. नऊ महिन्यांत एकूण किती दिवस जातील?

सरकारी कार्यक्रमात किमान चार तपासण्या धरतात: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६ आठवड्यांत, तिसरी २८ ते ३४ मध्ये आणि चौथी ३६ नंतर. खासगी डॉक्टर साधारणपणे २८ आठवड्यांपर्यंत महिन्यातून एकदा, ३६ पर्यंत पंधरा दिवसांनी आणि पुढे दर आठवड्याला बोलावतात. म्हणजे दहा-बारा फेऱ्या होतात.

सगळ्यांना पूर्ण दिवस लागत नाही. वजन, रक्तदाब, पोटाची तपासणी आणि गोळ्या एवढंच असेल तर अर्धा दिवस पुरतो. पूर्ण दिवस मोकळा ठेवावा असे प्रसंग हे:

पहिली नोंदणी. केसपेपर, रक्तगट, हिमोग्लोबिन, लघवी, माता-बाल संरक्षण कार्ड, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी रांग.

११ ते १३ आठवडे ६ दिवस यांतली सोनोग्राफी आणि १८ ते २० आठवड्यांच्या सुमाराची व्यंग तपासणारी सोनोग्राफी. पहिलीची मुदत एकदा गेली की ती तपासणी पुन्हा करता येत नाही. त्यामुळे पगाराचा दिवस, ऑर्डरची घाई अशा कारणांनी ही तारीख हलवू नका. सोनोग्राफीला आधारकार्ड घेऊन जा. कायद्याने भरायचा फॉर्म ओळखपत्राशिवाय अडतो आणि तोच दिवस दुसऱ्यांदा खर्ची पडतो.

२४ ते २८ आठवड्यांतली साखरेची तपासणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. मधल्या वेळेत कामावर जाऊन परत येता येत नाही. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. म्हणून या आठवड्यात एक दिवस जादा हाताशी ठेवा. अर्ध्या दिवसाची रजा टाकून अडकलेल्या बायका याच तपासणीच्या निघतात.

रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमाराला इंजेक्शनसाठी एक फेरी वाढते.

३. महिन्याच्या ९ तारखेला गेलं तर काय फायदा?

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतल्या महिलांची मोफत तपासणी होते. ९ ला सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी होते. नोकरीच्या दृष्टीने मोठा फायदा हा की तारीख आधीच ठाऊक असते. पाचव्या-सहाव्या महिन्यात एकाच अर्जात पुढच्या तीन-चार ९ तारखा लिहून देता येतात आणि सुपरवायझरला कामाची पाळी लावायला वेळ मिळतो. गर्दी मात्र असते, त्यामुळे सकाळी लवकर पोहोचा आणि दिवस पूर्ण धरा.

४. साध्या तपासणीसाठी कोणती रजा लावायची?

दुकानं आणि आस्थापनांना महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा लागू असेल, तर वर्षाला ८ किरकोळ रजा पगारी मिळतात. त्या तिमाहीप्रमाणे, म्हणजे दर तीन महिन्यांना दोन, जमा होतात आणि वर्षअखेर संपतात. यात दोन चुका होतात. एक, जानेवारीतच चार मागितल्या जातात आणि खात्यावर दोनच असतात. दुसरी, ऑक्टोबरमध्ये दिवस गेलेले असतात, डिसेंबरअखेर तीन-चार रजा तशाच वाया जातात आणि जानेवारीपासून ओढाताण सुरू होते. डिसेंबरच्या आत करता येणाऱ्या तपासण्या डिसेंबरच्या आतच उरका.

कारखान्यात कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा जमते. ती मोठ्या तपासण्यांसाठी राखा. किरकोळ रजा संपल्यावर तिसरा मार्ग म्हणजे साप्ताहिक सुट्टीची अदलाबदल. रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून रविवारी काम करून ९ तारखेची सुट्टी घेणं बऱ्याच ठिकाणी चालतं. हे तोंडी ठरवू नका, मस्टरवर नोंद होऊ द्या. बिनपगारी रजा सगळ्यात शेवटी.

५. कामावर कधी आणि कसं सांगायचं?

अमुक आठवड्यात सांगितलंच पाहिजे अशी सक्ती नाही. पण उभ्याने काम, वजन उचलणं, केमिकल किंवा भट्टीची धग असेल तर पहिली तपासणी झाली की सांगावं. लेखी सांगावं, दोन प्रती कराव्यात आणि एका प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्यावा. ही पोच पुढे प्रत्येक वादात कामी येते. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

अर्ज चार ओळींचा पुरे: "मी आपल्याकडे ... विभागात कामास आहे. मी गरोदर असून डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची अंदाजे तारीख ... आहे. तपासणीसाठी ..., ... आणि ... या तारखांना रजा मंजूर व्हावी ही विनंती. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे."

६. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या पगारी रजेतले ८ आठवडे आधी घेता येतात म्हणतात. ते कसे मोजायचे?

अंदाजे तारखेपासून ५६ दिवस मागे जायचं. तारीख १५ ऑगस्ट असेल तर रजा लवकरात लवकर २० जूनला सुरू होते. हे आठ आठवडे घ्यायलाच हवेत असं नाही. चारच आठवडे आधी घेतले तर उरलेले बाळंतपणानंतर मिळतात. नंतरचे सहा आठवडे मात्र कामावर घेण्यालाच मनाई आहे.

अलीकडे बहुतेक जणी बाळासाठी जास्त दिवस उरावेत म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत काम करतात. त्यामागचं कारण आम्हाला कळतं. पण ३६ आठवड्यांनंतर तपासणी दर आठवड्याला असते. चंदगड किंवा गडहिंग्लजहून कोल्हापूरला यायचं असेल तर त्या महिन्यात चार-पाच रजा तशाही जातात. किरकोळ रजा संपल्या असतील तर ३५-३६ व्या आठवड्यापासून बाळंतपणाची रजा सुरू करणंच बरं पडतं.

या रजेची अट: अंदाजे तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. पगारी सुट्ट्या आणि ले-ऑफचे दिवस (काम नाही म्हणून मालकाने बसवून ठेवलेले) यात धरले जातात.

७. तपासणीमुळे बिनपगारी खाडे पडले तर बाळंतपणाच्या रजेचा पगार कमी होतो का?

नाही. ही भीती सगळ्यात जास्त पसरलेली आहे. रजा सुरू होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत ज्या दिवशी प्रत्यक्ष काम केलं, त्या दिवसांच्या मजुरीची सरासरी काढतात. खाड्याचे दिवस वरच्या आकड्यातही येत नाहीत आणि खालच्याही.

उदाहरण बघा. तीन महिन्यांत ७५ दिवस काम, मजुरी ३९,००० रुपये. रोजची सरासरी ५२० रुपये. तपासणीसाठी चार खाडे पडले असते तर ७१ दिवस, ३६,९२० रुपये, आणि सरासरी तीच, ५२०. हिशेबात ३६,९२० ला ७५ ने भागलेलं दिसलं तर ४९२ रुपये येतात. तिथे चूक झालेली असते, ती दाखवून द्या.

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, रविवारसकट. बी. शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केलं की साप्ताहिक सुट्टीचे दिवस वगळता येत नाहीत. म्हणजे वरच्या उदाहरणात ५२० गुणिले १८२, एकूण ९४,६४० रुपये. रविवार वगळून १५६ दिवसांचे पैसे हातात पडले तर १३,५२० रुपये कमी मिळाले.

बाळंतपणापूर्वीच्या भागाचे पैसे गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ आणि उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यावर ४८ तासांत द्यायचे असतात. मालकाकडून बाळंतपणापूर्वीची आणि नंतरची वैद्यकीय सेवा मोफत मिळत नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा असतो. हा बोनस मागितल्याशिवाय क्वचितच मिळतो.

८. पाचव्या महिन्यातच रक्तस्राव झाला. डॉक्टर तीन आठवडे झोपून राहायला सांगतात. रजा कुठली?

संहितेच्या कलम ६५ प्रमाणे गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी जास्तीत जास्त एक महिन्याची पगारी रजा मिळते आणि ती २६ आठवड्यांच्या वर असते. रक्तस्राव, सतत उलट्या, वाढलेला रक्तदाब, गर्भपाताचा धोका, शिरेतून लोह द्यावं लागेल इतकी रक्तक्षयाची अवस्था ही नेहमीची कारणं आहेत. "ही रजा बाळंतपणाच्या रजेला जोडूनच घ्यावी लागते" असं काही ठिकाणी सांगतात. कलमात तशी अट नाही.

दाखल्यात नुसतं "आराम आवश्यक" लिहिलं तर अर्ज परत येतो. "गरोदरपणामुळे उद्भवलेल्या आजारासाठी" हे शब्द आणि कधीपासून कधीपर्यंत ते दोन्ही हवेत. एक महिना संपूर्ण गरोदरपणाला आणि बाळंतपणानंतरच्या आजारालाही मिळून आहे, म्हणून तीन आठवडे लागत असतील तर तीनच घ्या. नेहमीच्या तपासणीसाठी ही रजा चालत नाही. तिला प्र. ४ मधल्या रजाच लागू.

९. माझं ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं. मग पैसे कंपनी देते की ईएसआय?

ईएसआय. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना ते लागू असतं. बाळंतपणाचा लाभ २६ आठवडे, पूर्ण सरासरी मजुरीने मिळतो. त्यासाठी लगेच आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान, म्हणजे ईएसआयचा भरणा, लागतं. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. गरोदरपणातल्या आजारासाठी एक महिना इथेही जादा आहे.

ईएसआयचा साधा आजारपणाचा लाभ तपासणीच्या एकेका दिवसाला उपयोगी पडत नाही. तो मजुरीच्या ७० टक्के असतो, संबंधित सहामाहीत ७८ दिवसांचं अंशदान लागतं आणि साधारणपणे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. एका दिवसासाठी तिथे हेलपाटा घालू नका, किरकोळ रजा लावा.

मधेच पगार २१,००० च्या वर गेला तरी चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत तुम्ही ईएसआयमध्येच राहता. ईएसआयची अट पूर्ण होत नसेल तर "मग काहीच नाही" हे उत्तर मान्य करू नका. मातृत्व लाभाची जबाबदारी मालकावर येते का, ते कामगार कार्यालयात तपासून घ्या. ईएसआयची सोय नसलेल्या ठिकाणी बाळंतपण झालं तर खर्चापोटी ७,५०० रुपये मिळतात, दोन बाळंतपणांपर्यंत.

१०. तपासणीचा पुरावा म्हणून एच.आर. सगळी फाईल मागतात. द्यावी का?

देऊ नका. सोनोग्राफीचा आणि रक्ताचा अहवाल तुमचा खासगी आहे. रजेसाठी हजेरीचा दाखला पुरतो: नाव, तारीख, वेळ, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. "सदर महिला दि. ... रोजी सकाळी १० ते दुपारी १.३० या वेळेत प्रसूतिपूर्व तपासणीसाठी हजर होती" एवढं वाक्य चालतं. सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, किंवा महापालिकेच्या सावित्रीबाई फुले रुग्णालयात गेलात तर गर्दीत नंतर दाखला मिळणं अवघड जातं. डॉक्टरांसमोर असतानाच मागा. तेही जमलं नाही तर तारखेची नोंद झालेलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि केसपेपर यांची झेरॉक्स जोडा. मूळ कार्ड कुणाकडेही ठेवायला देऊ नका, ते बाळंतपणाच्या दिवशी लागतं.

११. दिवसभर उभं राहून काम आहे. बसून काम मागता येतं का?

येतं. कलम ५९ प्रमाणे अंदाजे तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, म्हणजे साधारण ३० व्या आठवड्यापासून, तुम्ही मागितल्यास दमवणारं किंवा बराच वेळ उभं राहायचं काम देता येत नाही. पुढच्या सहा आठवड्यांत रजा न घेता काम करत असाल तर तेव्हाही. हलकं काम दिलं म्हणून मजुरी कापता येत नाही. फाउंड्रीच्या कोअर शॉपमधून पॅकिंगला किंवा सूतगिरणीच्या सांच्यावरून तपासणीच्या टेबलावर अशी बदली चालते. पण "मागितल्यास" हा शब्द महत्त्वाचा, म्हणून अर्ज लेखी हवा.

१२. मी ठेकेदाराकडे हजेरीवर आहे, आणि नोकरी लागली तेव्हाच दिवस गेले होते. तरीही मिळेल?

हजेरीवरच्या, तात्पुरत्या आणि प्रोबेशनवरच्या महिलांनाही हक्क आहे. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरील महिलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे मान्य केलं. नोकरी लागताना गरोदर होतात याने काही बिघडत नाही. अट आहे ती ८० दिवसांची (प्र. ६). अडचण येते ती पुराव्याची. ठेकेदार दर तीन महिन्यांनी नाव बदलून मस्टर लावत असेल तर ८० दिवस कागदावर दिसतच नाहीत. पगार बँकेतून घ्या, गेटपास आणि हजेरीचे फोटो काढून ठेवा. लग्न झालंय की नाही, याचाही या हक्काशी संबंध नाही.

१३. गर्भपात झाला, किंवा बाळ पोटातच गेलं, तर?

२६ आठवड्यांपर्यंत गर्भपात झाला किंवा कायदेशीर गर्भपात करावा लागला तर त्या दिवसानंतर सहा आठवडे पगारी रजा मिळते. त्या काळात कामावर बोलावताही येत नाही. २६ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मलं तर कायदा त्याला बाळंतपणच मानतो, आणि हक्क बाळंतपणाच्या रजेचा असतो. या दिवसांत अर्ज घेऊन त्या माउलीला फिरवू नये. घरच्या कुणीतरी डिस्चार्ज कार्डाची प्रत देऊन यावी.

१४. तिसरं बाळंतपण आहे.

आधीची दोन मुलं हयात असतील तर एकूण १२ आठवडे, त्यांतले आधी ६. आजारपणाचा महिना (प्र. ८) तसाच राहतो.

१५. आमच्याकडे चारच बायका कामाला आहेत. कुणी यंत्रमागावर, कुणी ऊसतोडीला. आम्हाला काय?

साधारणपणे दहा माणसांपेक्षा कमी असलेल्या दुकान-व्यवसायाला ही रजा बंधनकारक नाही. इथे कायदा सगळ्यात गरजू बाईलाच बाहेर ठेवतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पात्र महिलेला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला ३,००० चा हप्ता शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सहा महिन्यांत नोंदणी आणि किमान एक तपासणी झाल्यावर येतो. म्हणजे तपासणी बुडवली तर पैसेही बुडतात. दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये. आशाताईंना लवकर भेटा. बांधकामावर असाल आणि बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी जिवंत असेल तर नैसर्गिक बाळंतपणाला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये मिळतात, दोन अपत्यांपर्यंत.

१६. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे.

तुम्हाला सेवा नियमांप्रमाणे बाळंतपणाची रजा १८० दिवस. तपासणीला किरकोळ रजा, आजारपण असेल तर वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित रजा (अर्धपगारी रजा बदलून मिळणारी पूर्ण पगारी रजा).

१७. तपासणीला बायकोबरोबर जायला मला रजा मिळते का?

खासगी नोकरीत कायद्याने नाही. किरकोळ रजा लावा. सगळ्या फेऱ्यांना जमणार नसेल तर निदान साखरेच्या तपासणीला आणि दोन्ही सोनोग्राफींना जा. तिथे दिवस लांबतो.

१८. माझा छोटा कारखाना आहे. कायद्यापलीकडे काय करता येईल?

गरोदर कामगाराला आठ अर्धे दिवस आणि तीन पूर्ण दिवस "तपासणी सवलत" म्हणून पगारी द्या आणि मस्टरवर तसा वेगळा शेरा ठेवा. हजेरी बोनसमधून हे दिवस वगळू नका, नाहीतर सवलत एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतल्यासारखं होतं. एकूण सात दिवसांचा पगार जातो. न सांगता पडणारे खाडे थांबतात, आणि पाळी आधी लावता येते.

१९. "राजीनामा दे, बाळ झालं की परत घेतो" म्हणतात. काय करू?

सही करू नका. बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढणं किंवा अटी तिच्या तोट्याच्या करणं कलम ६८ प्रमाणे बेकायदा आहे. राजीनाम्यावर सही झाली की मात्र "ती स्वतःहून गेली" असं दाखवता येतं आणि तुमची बाजू लंगडी पडते. आधीच सही घेतली असेल तर त्याच दिवशी "दबावाखाली सही घेतली, राजीनामा मागे घेते" असं लेखी पाठवा.

पैसे अडवले किंवा कापले तर आधी कंपनीला लेखी मागणी करा आणि दहा-पंधरा दिवसांची मुदत द्या. मग कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार. सोबत पोच असलेला अर्ज, डॉक्टरांचा दाखला, तीन महिन्यांच्या पगारपावत्या किंवा बँकेचा उतारा, आणि प्र. ७ प्रमाणे स्वतः मांडलेला हिशेब जोडा. आकडा लिहिलेला असला की तक्रार लवकर हलते. ईएसआयचा प्रश्न असेल तर त्यांच्या शाखा कार्यालयात जायचं. बाळंतपण होईपर्यंत थांबू नका. आठव्या महिन्यात केलेल्या तक्रारीवर सुनावणीला तुम्हाला स्वतःला हजर राहणं जड जाईल, म्हणून अर्जातच नवऱ्याचं, भावाचं किंवा युनियनच्या माणसाचं नाव प्रतिनिधी म्हणून लिहा.